जीपमधल्या तिघी

आमची ‘शीतल परमिट रूम’ बंद पडून सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत एका प्रश्नानं मला धड बसू दिलेलं नाही. तिघींपैकी कोण?

बार काढला वडिलांनी, पुंजाअण्णांनी. ओझर-निफाड रस्त्याला पत्र्याची शेड, चार टेबलं, लाल बल्ब. कारखान्याची पाळी सुटली की आधी सायकली आणि पुढे पुढे मोटरसायकली दाराशी उभ्या राहायच्या. पहिला घोट घेण्याआधी प्रत्येक जण बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवायचा, त्यामुळे टेबलांखालची फरशी कायम चिकट. कोपऱ्यातलं टेबल अण्णांचं. तिथूनच त्यांना दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. त्यांच्यामागे त्या टेबलावर मी बसायला लागलो. धंद्यावर लक्ष ठेवायला, दुसरं काय!

मग गावातल्या भागीबाईनं बायांच्या सह्या गोळा केल्या आणि दारूबंदीचं मतदान लागलं. या मतदानात फक्त बायाच मत देतात. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभी म्हणजे दारू चालू, आडवी म्हणजे बंद. मी मोठा शहाणा. घरची मतं वाया जायला नकोत म्हणून आई, बायको कुंदन आणि बारच्या भटारखान्यातली कलाबाई, तिघींना जीपमध्ये घालून शाळेत नेलं. रस्ताभर बजावलं, उभीवर शिक्का, उभीवर. तिघींनी माना डोलावल्या.

यादीत बाया आठशे अकरा. बंदीला निम्म्याहून जास्त, म्हणजे चारशे सहा लागत होत्या. आडवीला नेमकी चारशे सहा मतं पडली. वकिलानं कपाळावर हात मारला. म्हणाला, “अहो संतोषराव, घरी बसलेली बाई तुमच्याच बाजूची धरतात! यांना नेलंच कशाला?”

तेव्हापासून जेवताना, झोपताना, भर लग्नात अक्षता टाकताना माझ्या डोक्यात तेच. संशय कलाबाईवर होता. कारण मतमोजणीच्या आधीच तिनं भटारखान्यातला स्वतःचा बिडाचा तवा उचलून घरी नेला होता. निकाल लागायच्या आधी!

आता त्याच शेडमध्ये आम्ही मिसळीचं हॉटेल काढतोय. काल सकाळी सुतार काउंटर उखडत होता आणि मी उगाच आत-बाहेर करत होतो. तेवढ्यात कलाबाई आली, पिशवीत तवा घेऊन. कुंदननं मला न विचारताच तिला बोलावलं होतं. माझं टाळकं सटकलं.

“थांब,” मी म्हणालो. “आधी खरं सांग. आडवीवर शिक्का तूच मारला ना? ज्या बाईनं माझा बार बुडवला, तिला मी चुलीजवळ फिरकू देणार नाही.”

कलाबाईनं पिशवी खाली ठेवली. “मारला,” ती म्हणाली. “काम जाईल ते म्हाईत होतं, तरी मारला.”

सहा वर्षांनी चोर सापडला होता. मी आईकडे वळलो. आई भिंतीशी बसून मटकी निवडत होती. “ऐकलंस? आपल्या घरी पोट भरलं आणि आपलाच घात केला.”

आईनं मानही वर केली नाही. “तिला काय बोलतो? म्या बी आडवीलाच दिलं.”

मी कुंदनकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघता? सहा वर्षं बघताच आहात,” ती म्हणाली. “मी पण.”

“मग जीपमध्ये माना कशाला डोलावल्या?”

“चालत निघालो असतो तर तू दारातच अडवलं असतं,” आई म्हणाली. “तुझ्या जीपीतून उतरलो, तर कोनी काय इचारलं नाय.”

“पण का?” मी ओरडलो. सुताराचा हातोडा थांबला.

उत्तर कलाबाईनं दिलं. “पुंजाअण्णांचं ताट मीच भरायची, भाऊ. आधी सांजेला पेल्यासंगं कलेजी मागायचे. मंग दुपारी. मंग सकाळी अकरालाच. त्या साली तुमी बी अकराला मागायला लागले व्हते. ते ताट मला दुसऱ्यांदा भरवंना.”

मला भयंकर राग यायला हवा होता. लाज वाटली. मी कोपऱ्याकडे पाहिलं. काउंटर काढ, पण कोपऱ्यातलं टेबल राहू दे, असं मी सुताराला सकाळी दोनदा बजावलं होतं.

“ते टेबलही काढ,” मी त्याला म्हणालो.

मग कलाबाईला म्हणालो, “उद्या सातला तर्री तयार पाहिजे. जीप पाठवतो.”

“नगं,” पिशवीतून तवा काढत ती म्हणाली. “आता चालत यीन.”