कुंकवानं लाल झालेले दोन चिमटे

या मित्रांनो, जरा सरकून बसा. आशाबाईचा अर्ज वेळेत कसा पोचला आन एक बटण न दाबल्यामुळं केवढं नुकसान टळलं, ते आज सांगतो. पण आधीच बोलून ठेवतो, मी लई चिडलेला हाय. गोड गोड ऐकायचं असंल तर दुसरीकडं जा.

मी एक जुना जंप स्टार्टर हाय. विटेएवढा काळा डबा. पोटात बॅटरी, तोंडाला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन चिमटे, एक लाल आन एक काळा. गाडीची बॅटरी बसली की तिला माझा जोर द्यायचा आन उठवायची, एवढंच माझं काम. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते काय आठवत नाय. आठवतं ते क्रांती चौकातल्या दुकानाचं काचेचं कपाट, आन तिथनं मला उचलणारा कय्युमचाचाचा ग्रीसनं माखलेला हात.

चाचाचं गॅरेज छावणीत. चाळीस वर्षं झाली, चाचा गाड्याच दुरुस्त करतोय. इंग्रजी वाचता येत नाय, म्हणून त्यानं पोरीला, शाइस्ताला, माझ्यासंगं आलेलं माहितीचं पुस्तक तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा ती म्हणली, "अब्बा, आता तुम्हीच म्हणून दाखवा." चाचानं म्हणून दाखवलं. तवापासून जो भेटंल त्याला ऐकवायचा, "किल्ली बंद. आधी लाल, बॅटरीच्या लालवर. मग काळा, इंजिनच्या उघड्या लोखंडावर. काढताना उलटं, आधी काळा. आन डबा ओरडला तर हात बांधून उभं ऱ्हायचं, समजलं का?"

पयली दोन वर्षं माझा काय मान व्हता! वेरुळच्या घाटात अडकलेल्या गाड्या उठवल्या, एका नवरदेवाची गाडी मांडवाच्या दारात उठवली. मग सगळ्यांना सवय झाली. कुणीबी यावं आन मला मोबाईल लावून जावं. मे महिन्यात मला कारच्या डिक्कीत कोंडून ठेवलं, तिथं लोखंड भाजतं, माझं पोट नाय भाजणार? चार्जिंगला लावायची आठवण मातुर कुणालाच नाय.

त्याच्यावर कळस झाला खंडेनवमीला.

आमच्या गॅरेजात अवजारांची पूजा दरसाल व्हते. पूजा मांडतो सुदर्शन, चाचाचा वीस वर्षांचा कारागीर. झेंडूची फुलं आन पेढे चाचा स्वतः आणतो. यंदा चाचाच म्हणला, "सुदर्शन, डब्याला विसरू नको रे. बिचारा वर्षभर राबलाय."

सुदर्शन विसरला नाय. पाना-पक्कडला बोटभर टिळा, आन मला? हळदकुंकू तेलात कालवून दोन्ही चिमट्यांचे जबडे त्यानं पार माखून टाकले. लाल चिमटा लाल, काळाबी लाल! वरनं आरतीसाठी स्पीकर माझ्यावरच लावला. माझ्या पोटात चार्जिंगच्या चार काड्या व्हत्या, दोन उरल्या. अरे, मान देता का जीव घेता?

दुसऱ्या दिवशी दसरा. गल्लीतला सत्यम त्याची उंच ॲडव्हेंचर मोटरसायकल पूजेला घेऊन आला. हार घातला, फॉग लाइट पेटवले, मोबाईलवर व्हिडिओ काढले. मग हँडल लॉक केलं, पण किल्ली पार्किंगच्या खुणेवर नेऊन काढली, तिथं किल्ली काढली तरी लाइट जळतच ऱ्हात्यात. लाइट तसेच चालू, गाडी आमच्या दारातच, आन हा सोनं वाटायला पसार. रात्रभर बॅटरी गळत ऱ्हायली.

आता ऐका. तिसऱ्या दिवशी, दुपारी पाऊण वाजता, सत्यम त्याच्या आईला घेऊन पळत आला. त्याची आई म्हणजे आशाबाई, वैजापूरकडच्या खेड्यातली. सरपंचपदाला उभी ऱ्हायची व्हती. जात पडताळणीची पावती घ्यायला शहरात आलेली, ती आत्ता कुठं हातात पडली. वैजापूरच्या तहसीलात अर्ज द्यायची मुदत त्याच दिवशी तीनपर्यंत. गावात कडूबा नावाचा जुना पुढारी, आपण बिनविरोध आलो म्हणून त्यानं पेढेबी वाटले व्हते.

सत्यमनं गाडीचा स्टार्टर दाबला. टिक. पुन्हा दाबला. नुसतं टिक टिक.

"आई, बॅटरी बसली."

"बसली? मग तिला उठव! एसटीनं गेले तर चार वाजत्यात, आन भाड्याच्या गाडीवाला फोन उचलंना. त्या कडूबाचा पेढा मला गोड लागणार नाय, सांगून ठेवते."

चाचा सामान आणायला गेल्ता. सुदर्शननं मला काढलं, सत्यमनं सीट उघडली आन घाईघाईत चिमटे लावले. दोन्ही लालच, कुठला कुठं ते कसं कळणार? वायरी बघायला पायजे व्हत्या, पण सुदर्शननं त्यांच्यावर लाल-पिवळा नाडाबी गुंडाळला व्हता!

उलटे लागले. मी जीव तोडून ओरडलो. लाल दिवा, पी पी पी पी!

"याला काय झालं?" सत्यम म्हणला.

"ओरडतंय उगाच. म्हातारं झालंय," सुदर्शन म्हणला. "ते बाजूचं बटण दाबून धर, गप व्हतंय आन जोर देतंय."

मित्रांनो, माझं रगत असतं तर उकळलं असतं. ते बटण म्हणजे माझा पहारा उठवायचं बटण! उलट्या चिमट्यांवर ते दाबलं की नव्या गाडीचा कॉम्प्युटर जळून खाक. मीबी पेटलो असतो. मग अर्जबी गेला, गाडीबी गेली, आन सत्यमच्या हाताचं काय झालं असतं ते बोलवत नाय.

सत्यमचं बोट बटणावर गेलं.

"हात काढ!" आशाबाई कडाडली. "बैल वरडला तर त्याला चाबूक हाणतोस का आधी त्याचा पाय बघतोस?"

"आई, टाइम नाय गं!"

"म्हणूनच बघ म्हणते."

तिनं सत्यमला चिमटे काढायला लावले आन स्वतःच्या पदरानं एकेक जबडा खसाखसा पुसला. एकाखालनं लाल निघाला, दुसऱ्याखालनं काळा. तिनं दोन्ही सुदर्शनच्या नाकापुढं धरले. "देवाला डोळे असत्यात, सुदर्शन. पण याचा रंग माणसाला दिसायला पायजे व्हता."

सुदर्शनची मान खाली. त्यानं नाडा कापला. किल्ली बंद, लालवर लाल, काळा चौकटीच्या बोल्टवर. मी गप झालो. सत्यमनं स्टार्टर दाबला. घर्र... आन बंद. माझी एक काडी गेली.

तेवढ्यात चाचा दारात. कपाळावर हात मारून म्हणला, "अरे, रंगावर लावलास बे! रंगातनं करंट जातो का? उघडं लोखंड बघ! आन एक मिनिट थांब, डब्याला दम घेऊ दे."

काळा चिमटा इंजिनच्या उघड्या बोल्टवर गेला. एक मिनिट. आशाबाई पिशवी छातीशी धरून उभी, डोळे घड्याळावर. सत्यमनं दाबलं. घर्र, घर्र, घर्र... धडाड! गाडी उठली.

सत्यम लाल चिमटा काढायला झेपावला. चाचानं मनगट धरलं. "आधी काळा."

काळा निघाला, मग लाल. एक वाजून पाच मिनिटं झाली व्हती.

"रस्त्यात बंद करू नको," चाचा ओरडला. "तहसीलातबी चालूच ठेव, आन गाडीजवळच थांब. आशाबाई, तुम्ही आत जा!"

दोन चाळीसला आशाबाईचा फोन आला. अर्ज दाखल. कडूबा तिच्या अर्जावरच्या शिक्क्याकडं बघत बसला व्हता म्हणे.

चाचानं फोन ठेवला आन सुदर्शनकडं बघितलं. सुदर्शन म्हणला, "शिव्या द्या, चाचा."

"तुला कशाला? डब्याला विसरू नको म्हणून मीच सांगितलं व्हतं." मग चाचानं कानशीनं लाल चिमट्याच्या पाठीवर तीन खाचा पाडल्या. आता अंधारात, कुंकवात, कशातबी बोटाला कळतं.

माझा राग मातुर गेला नाय. पूजा करा, माझी ना नाय. पण टिळा माझ्या पाठीवर लावा, जबड्यांना नको. मी ओरडलो की बटण दाबू नका, हात काढा आन बघा. आन मित्रांनो, ही गोष्ट सांगता सांगता माझी शेवटची काडी लुकलुकायला लागली. कुणीतरी मला लावलेल्या त्या मोबाईलची वायर काढा, आन आधी मला चार्जिंगला लावा.