डुकरांचा कोतवाल
असाहेल थॉर्न राजधानी फिलाडेल्फियातलं पद सोडून गावी परतला, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? शाळेत माझ्या बाकावर बसणारा हा पोरगा पाच वर्षं युद्धखात्याचा सेक्रेटरी होता, राष्ट्राध्यक्षाच्या मांडीला मांडी लावून बसत होता. मी सतरा वर्षं गावसभेचा अध्यक्ष. एवढंच काय ते माझं, आणि आता तिथेही सगळे त्याच्याकडेच बघायचे. हा एकदाचा गावातून जावा, दुसरं काही मला नको होतं.

मार्चच्या वार्षिक निवडीच्या सभेत कुणीतरी म्हणालंच, "या वर्षी असाहेलसाहेब अध्यक्ष होऊ देत."

"छे, मायकाया असताना मी कशाला?" तो उठून म्हणाला. खुर्ची मला मिळाली, पण भीक घातल्यासारखी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमच्याकडे एक जुनी थट्टा आहे. वर्षभरात ज्याचं लग्न झालं, त्याला मोकाट डुकरं पकडायला कोतवाल नेमतात. विधुर असाहेलनं बावन्नाव्या वर्षी नुकतंच दुसरं लग्न केलं होतं. मी खुर्चीवरूनच म्हणालो, "कोतवाल राहिला की. नवरदेव तर समोरच बसलाय."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता हा चिडणार आणि बायकोला घेऊन चालता होणार.

असाहेल हसला. "काठी गाव देणार, की घरची आणू?" म्हणाला, आणि बायबलवर हात ठेवून वर्षभराची शपथ घेऊन मोकळा झाला.

मग काय विचारता. उन्हाळाभर हा माणूस लोकांच्या मक्यातून डुकरं हाकत होता आणि बायका त्याला दारात बसवून ॲपल-पाय खायला घालत होत्या. माझी डुकरीण तर त्यानं दोनदा आणून दिली. "मायकाया, तुझं कुंपणही तुझ्यासारखंच खिळखिळं झालंय रे," म्हणाला. शेजारीपाजारी खो खो हसले. मीही हसलो, दात दाखवण्यापुरता.

सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षाचं पत्र आलं. परत या, तुमचं खातं सांभाळा. ते हातात घेऊन असाहेल माझ्या दारात उभा राहिला.

"मार्चपर्यंत गावाची शपथ आहे. तिच्यातून सभाच मला मोकळं करू शकते. काय करू?"

"काय करू म्हणजे? उद्याच सभा बोलावतो," मी म्हणालो. आनंद पोटात मावत नव्हता.

सभेत मी विचारलं, "असाहेलला मोकळं करायचं, असं कुणाकुणाला वाटतं?" आणि आधी माझाच हात वर केला. दुसरा एकही वर आला नाही.

"राष्ट्राध्यक्षाला सेक्रेटरी छप्पन मिळतील," लोहार एफ्राइम म्हणाला. "आम्हाला असा कोतवाल कुठला मिळायला?"

बाकांवर हशा पिकला, टाळ्या पडल्या. माझ्या थट्टेनं मीच त्याला गावाच्या खुंटाला बांधून ठेवलं होतं. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय.

सभा सुटली, सगळे गेले. असाहेल माझ्याजवळ आला, त्याचे डोळे भरले होते.

"मला जायचं होतं रे. फार जायचं होतं. पण गावाला तोंडावर सांगवेना. अख्ख्या गावात माझं मन तू एकट्यानं ओळखलंस."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि मला तो सोडवून घेता येईना.