बाप्तिस्म्याचं नाव

आमचे पाळक ओटमार राइनवाल्ड यांना हिब्रू, अरामी, सुरियानी अशा कितीतरी जुन्या भाषा येत होत्या. गप्प बसणं तेवढं येत नव्हतं. जर्मनीत वेर्रा नदीकाठच्या आमच्या चर्चमध्ये मी ऑर्गन वाजवायचे. विद्यापीठाने त्यांना बोलावलं होतं, पण ते गेले नाहीत. "तिथे भाषा शिकवायच्या, इथे त्या भाषांतून बोलणारा देव लोकांना सांगायचा. मला इथलं काम आवडतं," म्हणायचे.

तपकिरी शर्टवाल्या नाझींचं राज्य आलं, त्यानंतरच्या एका वसंतातली गोष्ट. मंडळीचे अध्यक्ष आणि लाकडाच्या गिरणीचे मालक योआखिम हेसलर पाळकांच्या खोलीत आले. छातीवर पक्षाचा बिल्ला होता. मी तिथेच गाण्यांची पुस्तकं लावत होते.

"वरून आदेश आलाय," हेसलर म्हणाले. "यापुढे उपासनेत ज्यूंचे हिब्रू शब्द नकोत. आमेन नको, हालेलुया नको."

पाळकसाहेब चष्मा पुसत होते. "एकही नको?"

"एकही नको. आणि आडमुठेपणा करू नका. तुमची जागा घ्यायला माणसं टपून बसलीत."

"बरं. आदेश अगदी अक्षरशः पाळतो."

इतक्या मुकाट्याने ते कधी काही मान्य करत नसत.

रविवारी हेसलरांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. पहिली प्रार्थना संपली आणि पाळकसाहेबांनी तोंड मिटून घेतलं. आमेन म्हणायला उघडलेली लोकांची तोंडं तशीच राहिली. मग हेसलरांची सून गेरलिंडे बाळाला घेऊन पाण्याच्या कुंडापाशी आली.

"मुलीचं नाव?"

"एलिझाबेथ."

"हे मला उच्चारता येणार नाही, पोरी. मूळ हिब्रू आहे, एलिशेबा. माझा देव हीच माझी शपथ, असा अर्थ आहे त्याचा. दुसरं काही सुचव."

हेसलर ताडकन उठले. "तमाशा पुरे. ते माझ्या आईचं नाव आहे."

"मग तुम्हीच सांगा काय करू. तुमचं योआखिमही हिब्रूच आहे. आज तुम्हाला हाक मारायचीसुद्धा पंचाईत झालीय."

मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. हेसलर लालबुंद झाले. "हेल्गा ठेवा. अस्सल आपल्यातलं नाव आहे."

गेरलिंडेने सासऱ्याकडे पाहिलं. बाळ तिने घट्ट धरलं होतं. "मामंजी, माझ्या लेकीचं नाव पक्षाच्या ऑफिसात ठरणार नाही. पाळकसाहेब, एलिझाबेथच म्हणा."

त्यांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि नाव उच्चारलं, आधी हिब्रूत, मग आमच्या बोलीत. शेवटी खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन."

आधी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आमेन म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून सगळं चर्च म्हणालं. हालेलुयाचं गीत त्या दिवशी यादीत नव्हतं. मी तेच वाजवलं.

आठवड्याच्या आत पोलीस त्यांना घेऊन गेले. परतले तेव्हा गालफडं बसली होती आणि चर्चला दुसरा पाळक मिळाला होता. माझं ऑर्गन वाजवायचं कामही गेलं. ते बहिणीकडे डोंगरावरच्या गावात राहू लागले. शरद ऋतूत हेसलर स्वतः तिथे आले. चुकलो एवढं लिहून द्या, मी वर शब्द टाकतो, म्हणाले.

पाळकसाहेबांनी त्यांना आलुबुखाराचा केक वाढला. "खा. बहिणीने केलाय. लिहून मात्र काही मिळणार नाही. मी चुकलो नाही आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे."

हेसलरांनी केक खाल्ला नाही.

चर्चचं व्यासपीठ पाळकसाहेबांना परत कधीच मिळालं नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरात ते हिब्रू शिकवू लागले. मी जायचे, गेरलिंडे बाळाला कडेवर घेऊन भरदिवसा यायची. एकदा समोरच्या कुंपणाशी एक पोलीस येऊन उभा राहिला. मी दार लावायला उठले.

"बस खाली," पाळकसाहेब म्हणाले. "दार उघडं राहू दे. आणि जरा मोठ्याने वाच, त्याला तिथवर ऐकू जात नसेल."