आठ बिलं, सात खेटे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही कागदाचे आहात. तुमच्या पोटात आठ बिलं आहेत, त्यांचे पैसे यायचे आहेत, आणि तुम्हाला पाय नाहीत. कोणी उचललं तर जायचं, ठेवलं तर पडून राहायचं. जीव कसा कासावीस होईल? त्या दिवसांच्या आठवणीनं माझा अजूनही होतो. मी एक जुनं बिलबुक आहे. तामसी गावच्या जयवंताबाईंच्या शिलाई मशीनच्या लाकडी खणात माझा मुक्काम असतो.

१९८८ साली आदिलाबादच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. पन्नास नंबर, प्रत्येक नंबराची दोन पानं. पांढरं पान गिऱ्हाइकाला द्यायचं, गुलाबी माझ्यापाशी ठेवायचं, मध्ये निळा कार्बन. जयवंताबाईंनी तेव्हा नुकतीच जाड कापड शिवायची मशीन हप्त्यानं घेतली होती. कापूस भरायची मोठी पोती शिवून त्या आदिलाबादच्या एका जिनिंग मिलला देत. दसऱ्याला त्यांनी मशीनबरोबर माझीही पूजा केली. एक नंबराच्या पानावर 'श्री' काढला, हळदकुंकू लावलं. पहिलं पान देवाचं, त्यावर हिशेब लिहायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून पहिलं बिल दोन नंबराच्या पानावर लिहिलं गेलं.

लिहिणारी होती त्यांची बारा वर्षांची मुलगी भागीरथा, कारण बाईंना लिहिता येत नव्हतं. भागी पेन इतकं दाबून लिही, की कार्बन नसता तरी गुलाबी पानावर वळ उठले असते. मिलचे मुनीम सुधाकरराव पोती मोजून घेत, 'माल मिळाला' म्हणून सही करत आणि म्हणत, "जयवंताबाई, तुमचं बिलबुक म्हंजे हुशार पोराची वही हाये." ते ऐकून मी फुगून जात असे. संक्रांतीपर्यंत आठ बिलं झाली. रक्कम झाली दोन हजार तीनशे रुपये.

मग सुरू झाले खेटे. पहिल्या वेळी मिलचे मालक शेठ हैदराबादला गेलेले. दुसऱ्या वेळी शेठ होते, पण तिजोरीची चावी घरी होती. तिसऱ्या वेळी मुनीमजींनी मान वर न करता सोमवारी यायला सांगितलं. सोमवारी गेलो तर म्हणाले, "कालच समद्यायला पैसे वाटले. काल काऊन नाही आल्या?" काल रविवार होता, मित्रांनो. मिलच्या फाटकाला कुलूप असतं त्या दिवशी.

त्या दिवसांत मला स्वस्थता कशी ती नव्हती. पहाटेची बस, गुडघ्यावरची पिशवी, मग ऑफिसबाहेरचा लाकडी बाक. बाई दर थोड्या वेळानं पिशवीत हात घालून मला चाचपत. काढत, उघडत, मिटत, परत ठेवत. माझे कोपरे दुमडले, शिवण सैल झाली. आतून टेबलावरच्या घंटीचा आवाज आला, की बाई उठून उभ्या राहत. चपरासी चहा घेऊन आत जाई. बाई पुन्हा बसत. पाचवी खेपही अशीच गेली.

इकडे मशीनचे हप्ते थकले. दुकानदारानं निरोप धाडला, की शनिवारी संध्याकाळपर्यंत एकोणीसशे भरा, नाहीतर रविवारी माणूस येऊन मशीन उचलून नेईल. मशीन गेली तर बाईंना पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात रोजानं कापूस वेचायला जावं लागणार होतं, आणि भागीलाही शाळा सोडून त्यांच्यासोबत.

सहाव्या वेळी मुनीमजींनी नवीनच अडचण काढली. बिलं चाळून म्हणाले, "एक नंबर कुठं हाये? नंबर तुटला, बाई. असं बिल पास होत नाही. एक नंबर फाडून आणा."

"देवाचं पान फाडून कसं देऊ, भाऊ?" एवढंच बाई बोलल्या. बसस्टँडपर्यंत त्या इतक्या झपझप चालल्या, की पिशवीत मी नुसता आपटत होतो.

शनिवारी भागीनं शाळा बुडवली आणि ती आईबरोबर आली. हा सातवा खेटा. त्या दिवशी शेठ स्वतः खुर्चीत बसून चहा पीत होते. मुनीमजींनी पुन्हा नंबराचं गाऱ्हाणं लावलं. भागी ऐकत होती. मग टेबलावरच्या लाल कापडाच्या वहीकडे बोट करून म्हणाली, "काका, तुमच्या वहीचं पयलं पान दाखवता काय?"

मुनीमजींनी वहीवर हात ठेवला. शेठ म्हणाले, "दिखाओ ना, मुनीमजी."

वही उघडली. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. हिशेब सुरू होत होता दुसऱ्या पानावर.

"मंग तुमचा बी नंबर तुटला," भागी म्हणाली.

शेठ इतके हसले, की चहा बशीत सांडला. "दे दो भई इनका पैसा," म्हणाले आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

शेठची पाठ वळताच मुनीमजींनी पंधराशे मोजले. उरलेले आठशे सोमवारी देतो म्हणाले. बाईंनी नोटा पदरात बांधल्या. चारशे कमी पडतात हे त्यांना कळत होतं. पण सात खेट्यांनी माणूस थकतो. सवयीनं त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "चाल भागे, गाडी सुटून जाईल."

मित्रांनो, म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. केलेल्या कामाचा कागद जिवापाड जपा. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, टेबलाच्या पलीकडे बसाल, तेव्हा कोणाच्या घामाचे पैसे सोमवारवर ढकलू नका. तुम्ही सहज 'सोमवारी' म्हणता, पण समोरच्याला त्यासाठी अख्खा दिवस आणि बसचं भाडं मोजावं लागतं.

मुनीमजींची जेवायची वेळ झाली होती. त्यांनी चपला घातल्या आणि कुलूप हातात घेतलं. तेवढ्यात भागीनं आईच्या पिशवीतून मला काढलं आणि मला मांडीवर घेऊन ती ऑफिसच्या उंबऱ्यातच पाय पसरून बसली.

"काका, तुमी जेवून या," ती म्हणाली. "आमी इथंच बसतो."

मुनीमजींनी दाराकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. भागीनं फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मोडली, आणि थोडं सरकून आईला उंबऱ्यात बसायला जागा करून दिली.