रोज नावाची फाईल

फ्लॉपीवर शेवटची फाईल तीन तारखेची होती. छायानं फ्लॉपी कॉम्प्युटरमधून काढून पुन्हा घातली, पुन्हा यादी मागितली. हिरवी अक्षरं आली आणि तीन तारखेपाशीच थांबली. त्या दिवशी तेरा तारीख होती, गुरुवार.

तिनं शेजारी पाहिलं. कंपाउंडर श्रीधर खिडकीत गोळ्यांच्या पुड्या देत होता. कोणाचं लक्ष नव्हतं.

पांढुर्ण्याच्या त्या धर्मादाय क्षयरोग दवाखान्यात छाया खोरगडे अकरा वर्षं नोंदी ठेवत होती. महिन्याच्या गोळ्या न्यायला कोण आलं, हे ती टिपायची. आधीच्या आठवड्यात जे आले नाहीत त्यांची यादी दर शुक्रवारी गुणवंताला द्यायची. पन्नाशीचा गुणवंता ती यादी घेऊन गावोगाव जायचा. बरं वाटू लागलं की लोक गोळ्या सोडतात आणि मग आजार दुप्पट जोरानं उलटतो. म्हणून माणूस गाठायचा तो लवकर, असं डॉक्टर सगळ्यांना सांगत.

वर्षापूर्वी देणगीत कॉम्प्युटर आला. शिकवायला नागपूरहून एक जण चार दिवस येऊन गेला. रोज तेच हुकूम टाइप करायचे असतील तर ते एका फायलीत ओळीनं लिहून ठेवा, फायलीचं नाव टाइप केलं की मशीन ते आपोआप पाळतं, असं त्यानं सांगितलं होतं. छायानं तशी फाईल केली आणि तिला नाव दिलं ‘रोज’. तीन ओळी होत्या. संध्याकाळी ‘रोज’ आणि तारीख एवढंच टाइप करायचं. पहिल्या ओळीनं दिवसाची नोंद फ्लॉपीवर उतरायची, दुसरीनं मशीनमधली पुसली जायची, तिसरीनं उद्याचा कोरा तक्ता तयार व्हायचा. मॅट्रिक झालेल्या बाईनं हे जमवलं म्हणून डॉक्टरांनी पाहुण्यांना दोनदा करून दाखवायला लावलं होतं. त्याच कौतुकाच्या भरात तिनं म्हटलं होतं, आता वहीत वेगळं कशाला लिहायचं? या महिन्यापासून वही बंद झाली होती.

दुपारी तिला चूक सापडली. फ्लॉपी भरली होती. जागा नाही, असं मशीन रोज सांगत होतं, पण ती ओळ पडद्यावर येईपर्यंत छाया बसच्या घाईनं उठलेली असायची. पहिला हुकूम फसला तरी मशीन थांबलं नव्हतं. दुसरा हुकूम त्यानं इमानानं पाळला होता. मधला रविवार सोडून आठ दिवसांच्या नोंदी रोज संध्याकाळी तिच्याच हातानं पुसल्या गेल्या होत्या.

कोणाला न सांगता तिनं पोस्टातून नागपूरला फोन लावला. शिक्षक दुसऱ्या दिवशी मिळेल, असं कळलं. ती रात्रभर कूस बदलत राहिली. शुक्रवारी सकाळी गुणवंता यादी मागायला आला.

“प्रिंटर बिघडला आहे, गुणवंताभाऊ,” ती म्हणाली. “उद्या देते.”

तो सायकल घेऊन गेला. दुपारी शिक्षक फोनवर भेटला. त्याच जागेवर नवे तक्ते लिहिले गेले, आता काही परत मिळायचं नाही, असं त्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली.

शनिवारी दवाखाना उघडताच ती आत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, प्रिंटरचं खोटंसुद्धा. डॉक्टरांनी हातातलं पेपरवेट बाजूला ठेवलं.

“फाईल गेली त्याचं मी पाहतो,” ते म्हणाले. “पण कालचा दिवस काऊन घालवला, बाई?”

ती श्रीधरला बोलवायला गेली.

मग श्रीधरनं उरलेल्या पुड्या मोजल्या. मागच्या महिन्याच्या वहीप्रमाणे त्या दिवसांत ब्याऐंशी लोकांना यायचं होतं, पुड्या एकाहत्तर गेल्या होत्या. अकरा जण आले नव्हते. छाया डोळे मिटून बसली आणि एकेक चेहरा आठवू लागली. मोहगावची खोकताना पदर तोंडात धरणारी, सौंसरचा शिंपी, संत्र्याची पिशवी ठेवून गेलेला म्हातारा. चौसष्ट नावांवर तिनं खात्रीनं खूण केली. उरले अठरा. त्या अठराही घरी जायचं ठरलं. गुणवंताबरोबर ती स्वतः निघाली.

शनिवारी सौंसर, मोहगाव झालं. रविवारी रामाकोना. प्रत्येक दारात ती आधी रोग्याजवळचं गोळ्यांचं कार्ड मागायची आणि त्यावर गोळ्या नेल्याची तारीख पाहायची. सात जण गोळ्या नेऊन बसलेले निघाले. दहा जणांनी नेल्याच नव्हत्या. त्यांना तिथंच पुड्या दिल्या. देवकाबाई नावाच्या एका म्हातारीनं उलट छायालाच पाणी दिलं आणि एवढ्या उन्हात का आलीस म्हणून रागावली.

अठरावं नाव रघुनाथराव कडूंचं होतं. तिगावचे निवृत्त मास्तर, एकटे राहायचे. सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं दोघं तिगावला उतरली. दाराला कुलूप होतं. शेजारची शकुबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“मास्तर काल गेले,” ती म्हणाली. “इटारसीकडं पुतन्या आहे म्हने. पत्ता मले नाई मालूम.”

गोळ्यांचं काही बोलले का, छायानं विचारलं.

“तब्येतीनं जाऊच नाई सकले पांढुर्ण्याले. शुक्रवारी दवाखान्याचा मानूस येते म्हनून दिवसभर इथंच बसून होते. शनिवारीबी बसले. मग म्हने, आता मले विसरले असतीन.”

तिनं आतून कार्ड आणून दिलं. कोणी आलंच तर द्या, असं मास्तर सांगून गेले होते. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात त्यांनी बारीक, सरळ खूण केली होती. गोळ्या संपल्या तिथून पुढचे चौकोन रिकामे होते.

परतीच्या गाडीत गुणवंता एकदाच बोलला. “बाई, तुमी शुक्रवारी सांगितलं असतं, तर मी बिनयादीचाच निघालो असतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता. छायानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

इटारसीच्या सरकारी दवाखान्याला डॉक्टरांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. वही पुन्हा सुरू झाली. छायानं ‘रोज’मध्ये एक ओळ वाढवली. फ्लॉपीवर फाईल दिसली नाही तर पुसू नको, थांब. तरी ती रोज संध्याकाळी एकेक अक्षर वाचून मगच उठते. दोनदा तिची बस सुटली.

दर शुक्रवारी यादीत शेवटी रघुनाथराव कडूंचं नाव छापून येतं. ते काढायला तिला कोणी सांगितलं नाही. गुणवंता तिगावला उतरतो, कुलूप पाहतो, पुढच्या गावाला जातो. संध्याकाळी तो यादी तिच्या टेबलावर ठेवतो. शेवटच्या नावापुढचा रकाना कोरा असतो.