शालूच्या हातची भवानी

मला माझी पहिली भवानी शालूच्याच हातनं पायजे व्हती. दुसऱ्या कुणाच्याच न्हाई. म्हणून तर त्या संध्याकाळच्या फुकटच्या वर्गात मी नाव घातलं. लोक म्हणतात सूड वाईट. असंल. माझ्या जागी येऊन बसा, मंग सांगा.

शालू माझी थोरली जाऊ. अंबडच्या बाजारात तिचं दुकान हाय, संक्रांतीला लागणाऱ्या हलव्याच्या दागिन्यांचं. नव्या नवरीला हार, बाजूबंद, जावयाला हलव्याचं घड्याळ, तान्ह्या पोराला बोरन्हाणाचा मुकुट. जालन्याहून, तीर्थपुरीहून गिऱ्हाईक येतंय. पाटीवर नाव शालूचं. आन् हलवा करती कोण? मी. घराच्या मागच्या खोलीत, शेगडीवर परात ठेवून. तिळावर पाकाचा थेंब टाकायचा आन् बोटांनी फिरवत ऱ्हायचं, दिवस दिवस. घाई केली की हलव्याला फुटलेला काटा मोडतो. माझ्या आईनं शिकवलं मला. शालूला एकदा दाखवाया गेले, तर बोट भाजलं म्हणून किंचाळत उठली. परत परातीकडं फिरकली न्हाई.

माझा नवरा भागवत गेल्यावर मी त्या खोलीतच राबत ऱ्हायले. घरचंच काम हाय, म्हणलं. तक्रार कशाची?

गेल्या संक्रांतीच्या आधी तीर्थपुरीची एक बाई लेकीचे दागिने न्यायला घरी आल्ती. पाणी प्यायला मागं आली आन् परात बघून थबकलीच. "अगं बाई, काय काटा फुटलाय! तुम्ही करता व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत शालू मागनं आली. "छ्या! ही वरकामाची बाई. कोळसे घालती. नव्या नवरीच्या दागिन्याला मी पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात लागू देते व्हय?"

वरकामाची बाई! हिची लेक अक्षता माझ्या कडेवर वाढली, आन् मी वरकामाची! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाक करपला तरी मला वास आला न्हाई. तवाच ठरवलं, जिला माझा हात चालत न्हाई, तिनं चार लोकांत माझ्या हातचं इकत घ्यावं.

दिवाळीनंतर शाळेच्या खोलीत वर्ग सुरू झाला. शिकवायला गिरधारीलालजी. कापडाचं दुकान पोरांच्या हवाली करून म्हातारा बायांना धंदा शिकवायचा, जमाखर्च, बँकेचं खातं, मालाचा भाव. घरी मी सांगितलं, भजनाला जाते.

शालू म्हणली, "जा बाई, तुला आता तेवढंच राह्यलंय."

बघच तू, म्हणलं मनात.

एक दिवस भाव काढायला बसवलं. मी साखर धरली, तीळ धरले, कोळसा, जरी, सगळं धरलं.

"और तुमची मजुरी?" गिरधारीलालजी म्हणले.

"घरचंच काम हाय, मजुरी कसली?"

म्हातारा चष्म्यावरनं बघत ऱ्हायला. "मग घर तुम्हाला काय देतं, बाई?"

घरी जाईपर्यंत दात खात गेले.

आणखी एक त्यांनी घोटून घेतलं. भाव सांगताना खाली बघायचं न्हाई. आन् सांगितला की चुप, बिलकुल चुप. आधी बोलंल तो हरला. मी परातीम्होरं बसून तेच करायची. भाव सांगायची आन् गप बसायची. भिंतीवर मला शालू दिसायची.

वर्गाचा शेवट असा असायचा की प्रत्येकीनं आपला माल मांडायचा आन् बोलावलेल्या पाहुण्यानं हर टेबलावर पहिली खरेदी करून भवानी करायची. कुणाला बोलवायचं, असं इचारल्यावर सगळ्यांच्या आधी मीच बोलले, "शालूबाईंला बोलवा की. केवढं दुकान उभं केलंय त्यांनी." बायांनी टाळ्या वाजवल्या.

संक्रांत तोंडावर आल्ती. शालू जरीची साडी नेसून, अक्षताला आन् तिच्या तान्ह्या पोराला संगं घेऊन आली. कुठं लोणचं घेतलं, कुठं पिशवी, फोटो काढले. माझं टेबल शेवटचं. काळं कापड अंथरून त्यावर दागिने मांडल्ते. साखर-तीळ माझ्या गाठीच्या पैशाचे, शालूचा एक दाणा न्हाई.

मला बघून तिचं हसू गळालंच. "तू? भजनाला जातीस ना?"

"या जाऊबाई, भवानी करा."

"घरचंच हाय, घरी बघू," म्हणत ती वळली.

"घरी फुकट असतंय. हितं भाव हाय." मी मुद्दाम मोठ्यानं म्हणलं. "आन् तुमच्या दुकानातला हलवा बी माझ्याच हातचा. सांगा की बायांला."

नंदाबाई म्हणून एक म्हातारी हार बघून राह्यल्ती. तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आन् हार हळूच खाली ठेवला. "पर बाई, नव्या नवरीला हे..."

"मला नका इचारू, जाऊबाईंला इचारा. अक्षताच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या गळ्यात हार घातला त्यांनी. कुणी केल्ता?"

अक्षता म्हणली, "काकूनं. मी बाजूलाच बसल्ते की."

"तिचं कुकू जाग्यावर हाय न्हवं, जाऊबाई? मंग सांगा आता, माझा हात चालतो का न्हाई?"

न्हाई म्हणावं तर दुकान बसतंय, व्हय म्हणावं तर माझ्याकडनं घ्यावं लागतंय. शालूच्या तोंडचं पाणी पळालं. मी बाळाचा मुकुट उचलून तिच्याम्होरं धरला.

"बोरन्हाणाचा. पाचशे रुपये."

आन् चुप बसले. खाली बघितलं न्हाई. शालूनं पदर सारखा केला, दाराकडं बघितलं, गिरधारीलालजींकडं बघितलं. म्हातारा बी चुप. शेवटी तीच बोलली.

"दे," म्हणली, आन् पर्स उघडली.

नंदाबाईनं हार परत उचलला.

शालूची नोट हातात आली. भवानीचा पैसा कपाळाला लावायचा असतो. मी लावला. पांढऱ्या कपाळाला, तिच्या डोळ्यात बघत, चांगला सावकाश लावला.

"जाऊबाई," म्हणलं, "संक्रांतीच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात न्हवं? परात मागच्या खोलीत हाय. घाई करू नका, काटा मोडतो."