भिमाजीच्या हातचा हार

"ही कात्री तुमच्या मांडीपाशी ठेवते. दोरा दातानं तोडायचा नाय. काय सांगितलं?"

"दातानं नाय," भिमाजी म्हणाला.

"मग कशानं?"

भिमाजीनं इकडंतिकडं पाहिलं. कात्री दिसली तसा हसला. "हिच्यानं."

नवसाबाईनं सुस्कारा टाकला. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर सुवर्णाचं लग्न होतं, आणि मखमलाबादच्या या माळ्याच्या घरात लेकीच्या लग्नाचे हार बापानंच बांधायची रीत होती. भिमाजी बाकी सगळं विसरला होता, परवा स्वतःच्या घराची वाट विसरून दुसऱ्याच्या मळ्यात बसून राहिला होता, पण एवढं मात्र विसरला नव्हता. महिनाभर घोकत होता, हार मी बांधणार. धाकटा भाऊ चंदर आधी नाही म्हणाला, मग वैतागून कबूल झाला. अट एकच घातली, कात्री वापरायची आणि आज गांजाला हात लावायचा नाही.

आता हार बांधणाऱ्याला हात असतात दोनच, आणि दोन्ही गुंतलेले. एका हातात फुलं, दुसऱ्यात दोरा, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला. गाठ बसली की तोडायला उरतात ते दात. भिमाजी जन्मभर असाच दोरा तोडत आला. कात्री घेऊन बसणाऱ्याला तो शिंपी म्हणून चिडवायचा.

मुंबईला फुलांचा टेम्पो घेऊन जायच्या वर्षांत कधीतरी त्यानं एचआयव्ही घरी आणला. कुठून, ते नवसाबाईनं एकदाच विचारलं. तो लहान पोरासारखा रडला, मग तिनं पुन्हा विचारलं नाही. तिची तपासणी चांगली निघाली, तेवढं एक नशीब. गांजा मात्र त्याआधीचा. मागच्या सिंहस्थात साधूंच्या राहुट्यांवर हार पोचवता पोचवता चिलीम तोंडाला लागली ती लागलीच. पुढं हिरड्या सुजल्या, दाढा कुजल्या, तोंडातून पू यायला लागला, तेव्हा तीच चिलीम औषध झाली. ओढली की ठणका थांबायचा, दोन घास पोटात जायचे. आजाराची बातमी फुटल्यावर चिलमीचे सोबती मात्र मोठे शहाणे झाले. त्याला वगळून चिलीम पलीकडच्याच्या हातात द्यायला लागले. मग हा एकटाच गोठ्यामागं जाऊन बसायचा.

बाजारातही तेच. एका गिऱ्हाइकानं निशिगंधाच्या हारात लाल डाग पडलेला दोरा पाहिला आणि बोंब ठोकली. त्याच दिवशी चंदरनं, सख्ख्या भावानं, भिमाजीला दुकानातून उठवलं. "भाऊ, तू घरीच बस," म्हणाला, "लोक फुलं घेईनात."

दाढा काढायला नवसाबाईनं दातांचे दवाखाने पालथे घातले. आजाराचं नाव काढलं की एका डॉक्टरची खुर्ची बिघडायची, दुसऱ्याला नेमकं गावाला जायचं असायचं. खोटं बोलून काढून घ्याव्यात, तर तिला खोटं बोलता यायचं नाही. शेवटी सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर खरं बोलला.

"मावशी, आजार डोक्यापर्यंत गेलाय, का गांजानं झालंय, का तोंडातली ही घाण रक्तात भिनतेय, मला नाही सांगता येणार. कदाचित तिन्ही असेल. पण आधी तोंड साफ करून घ्या."

"कोन करील?" तिनं विचारलं.

डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारायला लागला.

भिमाजीनं पहिली फुलं गुंफली आणि हात थरथरायला लागले. निशिगंधाच्या कळ्या मांडीवर सांडल्या. त्यानं गालावर तळवा दाबून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एक दम दे गं. लय ठणकतंय. हात थांबंना."

"भावजींनी सांगितलंय, आज नाय."

"पोरीचा हार हाय गं," तो म्हणाला.

काय करणार ती बाई? गांजा द्यावा तर डोकं जाणार, न द्यावा तर हात जाणार. गोठ्यातल्या कोनाड्यातून चिलीम तिनंच आणली, तिनंच पेटवून दिली.

आणि मग काय सांगावं! बोटं जुनी झाली, पहिल्यासारखी. निशिगंधाची घट्ट वीण, मध्ये लाल गुलाब, खाली शेवंतीचं पदक. दोरा तोडायची वेळ आली की नवसाबाई कात्री पुढं करायची, तो शहाण्यासारखा कापायचा. नवरदेवाचा हार झाला, सुवर्णाचाही होत आला. हळदीनं माखलेली सुवर्णा दारात येऊन उभी राहिली.

"अगंबाई! अण्णा, कसला भारी झालाय!"

लेकीचा आवाज ऐकला नि भिमाजी फुलून गेला. नवसाबाईनंही मान वळवून लेकीकडं पाहिलं, तेवढंच. त्यानं शेवटची गाठ आवळली, झुकला आणि कटकन दातानं दोरा तोडला.

पांढऱ्या कळीवर लाल थेंब उमटला. सुवर्णाचं हसू तिथंच थिजलं.

"आई, मी नाय घालणार हे."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना, असं नाय लागत ते..."

"ठाऊक हाय मला. पुस्तकात वाचलंय मी. तरी पण गळ्यात नको." ती रडायला लागली. "नको म्हंजे नको!"

"काय झालं?" भिमाजीनं विचारलं. "रंग नाय आवडला का तिला? पिवळा घालू?"

चंदर आला. चिलीम बघितली आणि समजायचं ते समजला. "दिलाच ना गांजा, वहिनी? हज्जार वेळा सांगितलं होतं." त्यानं दोन्ही हार काठीनं उचलले. सख्ख्या भावाचे हार, काठीनं! गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकले आणि गाडीला किक मारून बाजारात गेला. थोड्या वेळानं नवसाबाई तिकडं गेली, तेव्हा शेळी गुलाब खात होती. तिनं शेळीला हाकललं नाही. आता कशासाठी हाकलायचं?

लग्न वेळेवर लागलं. भिमाजीला कडेच्या खुर्चीत बसवलं होतं, नवीन टोपी, नवीन सदरा. सकाळचं त्याला काही आठवत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगत होता, "हार बघितले का? माझ्या हातचे हायेत." लोक लांबूनच हो हो म्हणत जेवायला जात होते.

सुवर्णा पाया पडायला आली. वाकली तसा विकतचा हार त्याच्यापुढं लोंबला. बाजारात घाईनं बांधलेला, खालच्या गाठीचा दोरा लांबच लांब सुटलेला. भिमाजीनं तो चटकन चिमटीत धरला आणि दातानं तोडायला पुढं झुकला.

सुवर्णा झटक्यात मागं सरली. पाया पडायचं राहूनच गेलं.

तो तसाच राहिला, वाकलेला, तोंड उघडं. मग कुणीतरी रागावलेल्या पोरासारखा बायकोकडं बघू लागला.

"दोरा ऱ्हायलाय गं तोडायचा. हार माझाच हाय ना तो?"

"तुमचाच," नवसाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिला खोटं बोलता आलं. तिनं कमरेला खोचलेली कात्री काढली, लेकीपाशी गेली आणि लोंबता दोरा कापला.